गाडीचा षड्ज

माझ्या कानाचा मला फार अभिमान आहे. गळ्याबद्दल बोलायची सोय नाही, तो विषय आमच्या घरात कायमचा मिटलेला आहे. पण कान तयार आहे. सवाई गंधर्वला मी भारतीय बैठकीत पुढे बसतो, समेच्या अर्धी मात्रा आधी मान हलवतो आणि शेजारच्यानं ते पाहिलं ना, याची खात्री करून घेतो. तानपुरा किंचित उतरला की गवयाच्या आधी माझ्या कपाळाला आठी पडते. तेव्हा पट्टा न लावता गाडी सुरू केल्यावर जो ‘टुंग टुंग’ आवाज व्हायचा तो परवापासून ‘टीं टीं’ होऊ लागला, हे घरात सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात आलं असेल ते सांगायला नको.

“चढलाय,” मी डोळे मिटून म्हणालो. “आधी पांढरी पाचचा षड्ज होता.”

“अहो, पट्टा लावा,” बायको म्हणाली.

कलेची कदर नाही ती नाहीच. मी गाडी तशीच स्टिरिओवाल्या पोराकडे नेली आणि त्याला दोन्ही स्वर गाऊन दाखवले. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. पोरानं शांतपणे विचारलं, “काका, दिवाळीत मोठा स्क्रीन बसवलात ना?”

मग त्यानं जे सांगितलं त्यानं माझी संगीतविषयक श्रद्धाच डळमळली. पूर्वी गाड्यांत मीटरच्या मागे एक टिचभर बझर असायचा. दार उघडं राहिलं, दिवे चालू राहिले, काहीही झालं तरी तो एकच एक किरकिर करायचा. आता बऱ्याच गाड्यांत हा आवाज म्हणजे साठवून ठेवलेला नाद असतो आणि तो कंपनीच्या स्टिरिओतून, पुढच्या स्पीकरमधून वाजतो. गाण्यासाठी आपण ज्याला शिव्या घालतो, तोच स्टिरिओ आपल्याला पट्टा लावायलाही सांगत असतो. तो काढून बाहेरचा बसवला, की काही गाड्या मुक्या होतात. काहींत जोडणीच्या डबीतला चिमुकला स्पीकर बोलू लागतो, आणि काहींत मीटरमधला जुना बझर रजेवरून परत येतो. माझा षड्ज गेला तो असा. नव्या स्क्रीनवर लता मंगेशकरांचा आवाज काचेसारखा स्वच्छ येतो. पट्ट्याचा आवाज मात्र डासासारखा.

“पण परवा एकाच फेरीत दोन तऱ्हेचा वाजला,” मी हार न मानता म्हणालो.

तेही बरोबर निघालं. सगळे इशारे एका योग्यतेचे नसतात. हँडब्रेक ओढलेला असताना गाडी हलली, तर तो ओरडा वरचढ आणि उघड्या दाराची कुरबुर त्याच्याखाली दबते. पट्ट्याचा इशाराही गाडी उभी असताना सौम्य असतो आणि वेग घेतला की अंगावर येतो. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. म्हणजे विलंबित, मध्य, द्रुत हे गाडीलाही चुकलेलं नाही. रिव्हर्सचे सेन्सर तर नमुनेदार ख्याल गातात. मागे भिंत लांब असताना ऐसपैस ‘टूं... टूं...’, मग लय वाढते, मग तानांचा सपाटा, आणि शेवटी एकसलग ‘टूंऽऽऽ’. सम कुठे आहे ते बंपरला कळतं.

रिव्हर्सवरून आठवलं. (माझा हा हळवा विषय आहे, घाई असेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) सेन्सरच्या आधी गाड्यांना रिव्हर्सचे हॉर्न असत आणि ते साक्षात गात. आमच्या गल्लीत पहाटे ‘ओम जय जगदीश हरे’ ऐकू आलं की ते देवळातून नसे, समोरच्या बंगल्यातली गाडी मागे येत असे. कोपऱ्यावरचे डॉक्टर ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवत दवाखान्यात निघायचे. आणि अर्ध्या महाराष्ट्राला पाश्चात्त्य संगीताची दीक्षा दिली ती एका मारुती व्हॅननं: ‘टिडि टिडि टिडि डी डा डा’. ती बेथोव्हेनची ‘फ्यूर एलिझे’, हे मला फार उशिरा कळलं. त्यानं ती 1810च्या सुमारास लिहिली आणि छापली गेली 1867 मध्ये, म्हणजे तो जाऊन 40 वर्षं झाल्यावर. ती लिहिली तेव्हाच त्याचे कान अधू होऊ लागले होते. गड्यानं कुणा एलिझेसाठी हळुवार काही रचलं आणि पावणेदोनशे वर्षांनी ते ऐकून नगरपालिकेच्या नळाशी उभ्या बायका कळश्या उचलून बाजूला सरकू लागल्या. तैवानमध्ये तर ही चाल वाजवत कचऱ्याची गाडी येते आणि लोक पिशव्या घेऊन धावतात. आमच्या व्हॅनचा हॉर्न म्हातारा होत गेला तसा रेंगाळू लागला. शेवटी शेवटी चाल इतकी खाली उतरली, की गाडी मागे येतेय की कुणी गेलंय, ते समजेना. त्या काळी माणसं तक्रार करत नसत. “आज एलिझेला बरं नाही वाटतं,” असं निदान मला तरी म्हणावंसं वाटे.

असो. आताच्या घंट्या सरकारी आहेत. 1 जुलै 2019 नंतर बनलेल्या प्रत्येक मोटारीत पुढच्या दोन्ही सीटच्या पट्ट्यांची आठवण आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला. 80च्या पुढे गेलात की थोड्याथोड्या वेळानं टोचणी, 120 ओलांडले की अखंड भजन. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला 100ची मुभा सरकारच देतं आणि 80 पासून कुरकुरही सरकारच करतं. सासूसारखं, असं लिहिणार होतो, पण सासूबाई हा अंक वाचतात.

पुढच्या सीटला तर वजन कळतं, माणूस कळत नाही. मे महिन्यात हापूसची पेटी तिथे ठेवली की गाडी पेटीला पट्टा लावायला सांगते. मी लावतो. गवताच्या काड्या बाहेर आलेली, सुतळीनं बांधलेली पेटी छातीवरून पट्टा घेऊन ऐटीत घरी येते आणि मागे बसलेली आमची आई तशीच, मोकळी. मागच्या सीटला आमच्या गाडीत घंटाच नाही. “मला कशाला पट्टा? मी काय उडून जाणारेय?” असं ती म्हणते.

सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले. ते मागे बसले होते, पट्टा नव्हता. गाडी भारीतली भारी होती. त्यानंतर आठवडाभर सगळा देश मागच्या सीटवर पट्टा लावून बसला आणि मग पुन्हा मोकळा झाला. पण त्याहून संताप येतो तो त्या क्लिपचा. पट्ट्याच्या टोकाला असते तशीच धातूची जीभ, वर गाडीच्या कंपनीचं चकचकीत चिन्ह. खाचेत खुपसली की गाडी समजते, पट्टा लागला, आणि गप्प बसते. 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन बाजारांना हा माल उतरवायला लावला, तेव्हा 13,118 ठिकाणांहून तो काढावा लागला. काही ठिकाणी तो बाटली उघडायचं ओपनर म्हणून विकला जात होता! गाडीत.

अमेरिकाही काही शहाणी नव्हती. तिथे 1974च्या नव्या मोटारी पट्टा लावल्याशिवाय सुरूच होत नसत. सीटवर किराण्याची पिशवी ठेवली तरी अडून बसत. लोक इतके खवळले, की त्याच वर्षी संसदेनं ती सक्ती रद्द केली आणि सक्तीचा बझर आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजता कामा नये, असा कायदाच केला. माणसाचा जीव वाचवायला गाडीला आठ सेकंद.

मी जुना स्टिरिओ परत बसवून घेतला. लताबाई थोड्या पडद्याआड गेल्या, षड्ज मात्र जागेवर आला. मागच्या सीटचा आवाज मी स्वतः काढतो, “आई, पट्टा!” पहिल्यांदा मंद्रात, मग मध्यात, आणि तिनं लावेपर्यंत किल्ली फिरवत नाही. परवा तार सप्तकापर्यंत जावं लागलं. “बेसूर ओरडू नकोस,” ती म्हणाली आणि पट्टा लावला.

मागे बसणाऱ्यालाही पट्टा कायद्यानं बंधनकारक आहे, दंड हजार रुपये. आणि तुमच्या गाडीत ती क्लिप असेल तर आजच काढून टाका. बाटलीसाठी साधं ओपनर भांड्यांच्या दुकानात मिळतं.