फळ्याला विचारा

महाराष्ट्रातल्या तमाम आयांचा एक हुकमी प्रश्न आहे. ‘तुझे कुणी असे केस ओढले तर आवडेल का तुला?’ अपेक्षित उत्तर ‘नाही’, आणि तेही मान खाली घालून द्यायचं. माझ्या भाचीने तिसऱ्या वर्षी या प्रश्नावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, ‘पण माझे केस बारीक कापलेत. त्याच्या हातात येणारच नाहीत.’ माझी बहीण गप्प झाली. मुलीने स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवलंच नव्हतं. तिने दोघांच्या केसांची लांबी ताडून पाहिली आणि निकाल दिला.

याच बाईसाहेब तेव्हा लपाछपी खेळताना आजीच्या पलंगावरच्या गोधडीत डोकं खुपसायच्या. बाकीचा सगळा देह पलंगाबाहेर पाय झाडत असायचा. ‘मला कुणी दिसत नाहीये, म्हणजे मीही कुणाला दिसत नाहीये,’ हा त्यामागचा सिद्धांत. फोनवर ‘जेवलीस का गं?’ विचारलं की ती मान हलवायची. ‘अगं, बोल की!’ म्हटलं की आणखी जोरात हलवायची.

हे आमच्याच घराण्यात आहे की काय, अशी मला शंका होती. पण जिनिव्हाचे जाँ पियाजे मदतीला आले. त्यांनी आणि बेर्बेल इनहेल्डर यांनी 1948 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. टेबलावर तीन डोंगर मांडलेले, एकावर बर्फ, एकावर घर, एकावर क्रूस. मूल एका बाजूला बसतं, समोरच्या बाजूला बाहुली ठेवतात आणि मुलाला विचारतात, ‘त्या बाहुलीला काय दिसत असेल? चित्र निवड.’ लहान मुलं बिनदिक्कत स्वतःला दिसणाऱ्या देखाव्याचंच चित्र उचलतात. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हे असंच चालतं, असं पियाजे यांचं म्हणणं. हाच प्रयोग पुण्यात पर्वती, हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी मांडून प्रौढांवर केला, तर वयाची ही मर्यादा बरीच वर सरकवावी लागेल. आपल्या गॅलरीतून दिसते तीच खरी पर्वती, बाकीच्यांच्या गॅलऱ्या चुकीच्या जागी बांधल्या आहेत, असं मानणारे सत्तरीचे गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत.

पण पियाजे यांचं एक चुकलं. बाहुलीला कोणता डोंगर दिसतो याच्याशी मुलाला काय देणंघेणं? एडिंबरोच्या मार्टिन ह्यूज यांनी 1975 मध्ये डोंगर हटवले आणि पोलीस आणला. एकमेकींना छेदणाऱ्या दोन भिंती, एक पोलीस बाहुला आणि एक मुलगा बाहुला. ‘पोलिसाला दिसणार नाही असा याला लपव.’ मग दुसरा पोलीस आणला आणि दोघांच्याही नजरेआड लपवायला सांगितलं. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी दहातल्या नऊ जणांनी ते बरोबर केलं. म्हणजे जे मूल डोंगरांपुढे गोंधळतं, त्याला पोलिसाची नजर अचूक कळते.

ह्यूज यांनी हे इतक्या उघडपणे म्हटलेलं नाही, पण मी मराठीचा मास्तर असल्यामुळे म्हणू शकतो: दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला मूल पहिल्यांदा शिकतं ते त्याच्यापासून काहीतरी लपवण्यासाठी. करुणा, सहानुभूती वगैरे मंडळी मागच्या गाडीने येतात.

याचा पुरावा माझ्या आईच्या स्वयंपाकघरात मिळाला. ऑस्ट्रियातल्या विमर आणि पेर्नर या जोडीने 1983 साली मुलांना मॅक्सीची गोष्ट सांगितली होती. मॅक्सी चॉकलेट निळ्या कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते हिरव्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात, हिरव्या. जे आपल्याला माहीत ते मॅक्सीला माहीत नसेल, हे त्यांना पटतच नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी हळूहळू उजेड पडू लागतो.

मे महिन्यात भाची आजोळी आली होती. मी आईला अंगणात पाठवलं, बेसनाचे लाडू स्टीलच्या डब्यातून काढून पितळी डब्यात ठेवले आणि विचारलं, ‘आता आजी लाडू कुठे शोधेल?’ ‘पितळी डब्यात!’ ती ओरडली, आणि वर धावत जाऊन आजीला सांगूनही आली. पुढच्या मे महिन्यात तोच प्रश्न विचारला. तिने माझ्याकडे जराशा दयेने पाहिलं. ‘स्टीलच्या. आजीला कुठे माहितीये?’ दुपारी पितळी डबा उघडला, तर त्यात लाडवांऐवजी थोडा भुगा होता. आईने विचारल्यावर उत्तर आलं, ‘आजी, मामाने खाल्ले. त्याला आवडतात ना.’

बहीण भडकली. मी मात्र पेढे वाटायला निघालो होतो. या एका वाक्यासाठी काय काय लागतं बघा: आजीने चोरी पाहिलेली नाही हे कळायला हवं, आजीला काय खरं वाटेल याचा अंदाज हवा, आणि मामाचा लौकिक आजीच्या मनात काय आहे याचीही माहिती हवी. मुलांचं पहिलं जमलेलं खोटं हे त्यांना दुसऱ्याच्या मनाचा पत्ता सापडल्याचं लक्षण असतं, हे मानसशास्त्रज्ञही मानतात. ते बहिणीला समजावण्याच्या भानगडीत मात्र मी पडलो नाही. कुणाला कधी काय सांगावं, एवढा परदृष्टीचा अभ्यास माझाही झालेला आहे.

याहून लहान मुलांचा एक प्रयोग तर आपल्या लग्नांच्या पंगतींसाठीच केलेला वाटतो. बर्कलीला रेपाकोली आणि गॉपनिक यांनी 1997 साली तान्ह्यांपुढे दोन वाडगे ठेवले, एकात माशाच्या आकाराची खारी बिस्किटं आणि दुसऱ्यात कच्ची ब्रोकोली. प्रयोग करणाऱ्या बाईंनी बिस्किट खाऊन तोंड वाकडं केलं, ब्रोकोली खाऊन मिटक्या मारल्या आणि ‘मला दे’ म्हणून हात पुढे केला. चौदा महिन्यांच्या बाळांनी त्यांना बिस्किटंच दिली, कारण बाळांना तीच आवडत होती. अठरा महिन्यांच्यांनी मात्र, स्वतःला न आवडणारी ब्रोकोली उचलून दिली. यावरून मधुमेह्याच्या पानात ‘एकाने काही होत नाही हो!’ म्हणत तिसरी जिलबी सोडणाऱ्या काकूंचं वय नेमकं काढता येतं. चौदा महिने.

आता शाळेकडे येतो. दुसऱ्याच्या नजरेने बघायला शिकवण्याचा आमचा सरकारमान्य मार्ग म्हणजे आत्मकथन. दहावीच्या मराठीत त्याला चक्क आठ गुण आहेत. ‘मी फाटकी छत्री बोलतेय’, ‘वठलेल्या झाडाचे मनोगत’, ‘पडक्या किल्ल्याची कहाणी’. कल्पना फार सुंदर आहे. मूल क्षणभर माणूसपण सोडून छत्रीत शिरणार आणि पावसाकडे आतून बघणार!

प्रत्यक्षात आजवर माझ्याकडे आलेली प्रत्येक छत्री एकाच कारखान्यात जन्मली आहे. दुकानात तिला एका गोंडस मुलीने पसंत केलं, पहिल्या पावसात तिचं कौतुक झालं, मग एक वादळ आलं आणि काडी मोडली. आता ती अडगळीत पडून आहे, पण तिची कुणाबद्दल तक्रार नाही. ‘दुसऱ्यांसाठी झिजले यातच माझ्या जीवनाचे सार्थक आहे.’ किल्ल्याचंही तेच, झाडाचंही तेच. काडीच्या जागी बुरूज किंवा फांदी मोडते, एवढाच फरक. खऱ्या छत्रीला विचारलं तर ती इतकी संतसज्जन निघेल, असं मला वाटत नाही. बसच्या गर्दीत डोळ्यांत जाणं, ज्याच्या हातात आहे त्याच्या शेजाऱ्याच्या खांद्यावर पाणी सोडणं, हॉटेलात टेबलाखाली विसरली जाऊन नव्या मालकाबरोबर निघून जाणं, हे तिचं खरं चरित्र. ते कुणी लिहीत नाही.

बरीच वर्षं मी ‘मुलांना कल्पनाशक्ती नाही’ असं म्हणणाऱ्या मास्तरांचं ऐकून घेतलं, पण माझं मत उलट आहे. त्या निबंधांत मुलं छत्रीच्या मनात शिरलेलीच नसतात. ती पेपर तपासणाऱ्याच्या मनात शिरलेली असतात. मे महिन्याचा उकाडा, समोर गठ्ठा, चहा गार झालेला, आणि शेवटच्या ओळीत ‘सार्थक’ दिसलं की हा माणूस सहा-साडेसहा गुण टाकून पुढे जाणार. त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. दोन पोलिसांच्या नजरेआड बाहुला लपवण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे, आणि सबंध वर्गाला ते येतं.

मागे नववीच्या चाचणीत मी ‘वर्गातील फळ्याचे मनोगत’ असा विषय दिला. सगळे फळे अपेक्षेप्रमाणे खडूची धूळ अंगावर घेत ज्ञानदानात झिजले. मागच्या बाकावरचा, एरवी शुद्धलेखनाशी उभं वैर असलेला एक मुलगा मात्र वेगळंच लिहून गेला. त्याचा फळा म्हणत होता: ‘सरांना वाटतं वर्ग त्यांच्याकडे बघतो. पण सर लिहायला वळले की त्यांची पाठ वर्गाकडे, आणि तोंड माझ्याकडे. मला दोन्ही बाजू दिसतात. सरांचे केस कुठे विरळ झालेत ते मागून मुलांना दिसतं, आणि ‘दुर्मिळ’ की ‘दुर्मीळ’ हे आठवताना सरांचं तोंड कसं होतं ते फक्त मला दिसतं. सर पाठमोरे असताना वर्गात काय चालतं, तेही मला सगळं माहीत आहे. पण मी कुणाचं नाव घेणार नाही. मला रोज इथेच टांगून राहायचं आहे.’

मी आठपैकी साडेसात दिले. अर्धा गुण शुद्धलेखनाचा कापला, कारण ‘विरळ’ त्याने दीर्घ लिहिला होता. डोक्याबद्दल राग नव्हता. उत्तरपत्रिका परत देताना त्याला टेबलापाशी थांबवलं आणि आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, ‘काय रे, माझी पाठ वळली की नक्की काय चालतं?’

तो उत्तरपत्रिकेची घडी घालत म्हणाला, ‘मला काय माहीत सर? ते फळ्याने लिहिलंय.’