बत्तीस मिलिमीटरचे नाना

घडीच्या कॅमेऱ्याचा षौक बाळगणारे गृहस्थ ठाण्यापासून कल्याणपर्यंत संख्येने थोडके असले, तरी त्यांचा एक स्वतंत्र वर्ग आहे; आणि त्या वर्गातील ज्या प्रातिनिधिक पुरुषाचे दर्शन मला वारंवार घडते, त्यास या लेखापुरते आपण नाना म्हणू. नानांचा मुक्काम डोंबिवलीस, वय निवृत्तीच्या थोडे पलीकडे, आणि सदऱ्याच्या ज्या खिशास इतरांचे पेन असते त्या खिशास एक व्हर्निअर कॅलिपर. कळ दाबताच काळा भाता पसरून पुढे झेपावणारा झाइस इकॉनचा नेटार हे त्यांचे मूळ दैवत. पण दैवतापेक्षा त्याच्या पूजासाहित्याची, म्हणजे पिवळा फिल्टर, हूड, केबल रिलीज आणि भिंगावरचे टोपण यांची चिंता त्यांना अधिक.

अनभिज्ञ वाचकासाठी येथे थोडा खुलासा जरूर आहे. या जुन्या कॅमेऱ्यांच्या कारखानदारांनी परस्परांशी सल्लामसलत न करण्याचे जणू व्रतच घेतले होते. नेटारच्या भिंगावर बत्तीस मिलिमीटरचा फिल्टर नुसता दाबून बसवायचा, त्यामुळे अर्धा मिलिमीटर जास्त झाला तर तो गळून पडतो आणि अर्धा कमी झाला तर चढतच नाही. कोडॅकच्या कित्येक रेटिनांना साडेएकोणतीस मिलिमीटरच्या आट्यांचा फिल्टर लागतो. आणि कोडॅकच्याच दुसऱ्या एका पद्धतीत फिल्टरला आटे मुळीच नसून तो कडे आणि हूड यांच्यामध्ये चिमटीत धरावा लागतो. एका संस्थानाचे नाणे दुसऱ्या संस्थानात चालू नये, तसा हा कारभार.

नानांनी यासाठी रीतसर दप्तर ठेवले आहे. तारीख, ठिकाण, वस्तू, व्यास आणि शेरा असे त्याचे रकाने असून शेऱ्याच्या रकान्यात ‘किंचित सैल’, ‘मालक बोलण्यास नाखूष’, ‘चुलत भावाचे आहे, याचे नव्हे’ अशा नोंदी बारीक अक्षरात आढळतात. ठाण्याच्या गोखले रोडवरील एका औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटलीवरचे मापाचे टोपण कॅलिपरच्या जबड्यात धरून ते ‘बत्तीसला दोन दशांश कमी’ असे पुटपुटत असताना दुकानदाराने, औषध लहानासाठी की मोठ्यासाठी, अशी साधी चौकशी केली. ‘झाइस इकॉनसाठी,’ नाना म्हणाले. दुकानदाराने क्षणभर विचार करून, हे कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिले, असे विचारले.

वागळे इस्टेटमधील एका टर्नरने, पंपाचे सुटे भाग बाजूस सारून, त्यांना अॅल्युमिनियमचे एक कडे उत्तम कातून दिले. काम घटकाभराचे होते. त्यापूर्वीची चर्चा मात्र टर्नरच्या जेवणाच्या सुटीचा फडशा पाडून गेली. परंतु नानांच्या स्वभावाचा खरा पुरावा म्हणजे बोराबाजारातील हुडाचे प्रकरण. तो देखणा हूड घरी आणल्यावर साडेएकोणतीसचा, म्हणजे परजातीचा निघाला. दुसऱ्या कोणीही तो परत केला असता. नानांनी त्या हुडास साजेसा रेटिना खरेदी केला.

त्याच व्यवहारात ६२० फिल्मचा एक कोडॅक त्यांच्या गळ्यात पडला. ही फिल्म १२० च्याच रुंदीची, फक्त तिचे रीळ बारीक दांड्याचे. आणि कोडॅकने १९९५ साली तिचे उत्पादन थांबवल्यामुळे १२० ची फिल्म अंधारात उलगडून जुन्या धातूच्या रिळावर पुन्हा गुंडाळणे एवढाच मार्ग उरतो. गुंडाळताना चिकटपट्टीपाशी फिल्मला फुगवटा येतो. तेवढी पट्टी नखाने उचलून, फिल्म सपाट करून, पुन्हा डकवावी लागते, तीही केवळ बोटांच्या अदमासाने. सारी डोंबिवली भारनियमनाच्या नावाने बोटे मोडत होती त्या काळात नाना त्याचे वेळापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीस लावून समाधानाने त्याकडे पाहत असत. हल्ली वीज नियमित असल्यामुळे त्यांना न्हाणीघराच्या फटीत टॉवेल कोंबून बसावे लागते, आणि बाहेरून वहिनींचा तगादा सुरू होतो.

नाना फोटो काढतच नाहीत, हा प्रवाद मात्र खोटा आहे. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाईचा जो महापूर लोटतो, त्याचे चित्र घेण्यास ते नेटार घेऊन हजर असतात. फिल्टर चढवतात, पिवळ्या काचेपायी प्रकाश दुप्पट द्यावा लागतो म्हणून तोंडी हिशेब करतात, केबल रिलीज पिळून बसवतात, आणि मान वर करतात तेव्हा निम्मी तरुणाई फराळास घरी गेलेली असते.

शिवाय एक मूलभूत अडचण अशी की, फिल्टर आणि हूड चढवलेला घडीचा कॅमेरा मिटत नाही. ज्या गुणावर त्याची सारी कीर्ती उभी, तो गुणच या साहित्यामुळे रद्दबातल होतो. सगळे उतरवावे तेव्हा दार लागते. यावर साहित्य घरी ठेवावे, ही माझी सूचना नानांनी हरकत नोंदवून फेटाळली. त्यांनी उल्हासनगरचा एक कारागीर गाठला असून उघड्या कॅमेऱ्याच्या मापाची चामडी पेटी शिवून देण्याचे त्याने कबूल केले आहे. तो बयाण्याबरोबर कॅमेराही चार दिवस दुकानात ठेवून जा म्हणतो, आणि तेवढ्या एका कलमावर वाटाघाटी गेल्या शिमग्यापासून अडून बसल्या आहेत.