रानभाज्यांचा झटपट कोश

पाऊस सुरू झाला की ठाणे-पालघरच्या बाजारात रानभाज्या येतात आणि शहरी माणसाच्या ज्ञानाला कोंब फुटतात. भाजी ओळखता आली नाही तरी व्याख्या तयार असते. गरजूंसाठी काही नमुने :

फोडशी : सत्ताधाऱ्यांची लाडकी वनस्पती. लांबून निरुपद्रवी गवत वाटते; समोरचा पक्ष फुटल्याचं दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं.

टाकळा : बिल्डरने टाकून ठेवलेल्या प्लॉटवर विनापरवाना राहू शकणारा एकमेव गरीब. तिन्हीसांजेला पानं मिटून घेतो. सरकारी नोकरीस पात्र.

शेवळं : नुसती खाल्ली तर घसा खाजतो, म्हणून जोडीला काकडाची आंबट फळं लागतात. थोडक्यात, उपमुख्यमंत्र्यांशिवाय न पचणारं सरकार.

आघाडा : आघाडीचा थोरला भाऊ. याची टोकदार फळं वाटेने जाणाऱ्याच्या कपड्यांना चिकटतात आणि फुकटात पुढच्या मतदारसंघात पोचतात. मंगळागौरीला, गणपतीला पत्री म्हणून मान. उरलेलं वर्षभर तण.

जुडी विकणाऱ्या मावशींना यातली एकही व्याख्या ठाऊक नाही. कोणती भाजी कुठल्या उतारावर येते, कोवळं पान कुठवर खुडायचं, कशाला हात लावायचा नाही आणि शेवळाची खाज कशी मारायची, एवढंच त्यांना कळतं. तज्ज्ञ समितीत त्यांचं नाव नाही, ते उगाच नाही.