सम्राज्ञीच्या बागेतील हजेरी
1877 च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला जो सम्राज्ञीपदाचा किताब जाहीर झाला, तो पुण्याच्या एम्प्रेस गार्डनने नावापुरता अद्याप इमानाने मिरविला असला, तरी तेथील खरी सल्तनत गारंबीची आहे. हात-हातभर लांबीच्या शेंगा धरणाऱ्या त्या महावेलीने कोणत्याही सनदेवाचून वृक्षामागून वृक्ष काबीज केले आहेत. परंतु प्रकृतिस्वास्थ्यार्थ येथे हजेरी लावणारे सद्गृहस्थ मान वर करतील तर शपथ! मनगटावरील घड्याळ पावलांचा हिशेब रुजू करून घेईपर्यंत त्यांची प्रदक्षिणा अधोवदनाने अखंड चालते. आणि तो आकडा पुरा होताच, कांदा व बटाटा या दोन वनस्पतींविषयीची त्यांची जिज्ञासा मात्र, फाटकाबाहेरच्या भज्यांच्या गाडीपाशी, वैद्यांचा मनाई हुकूम झुगारून उत्कटतेने जागृत होते.