रोज एक फोटो : नवव्रतींसाठी संपूर्ण विधी

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत दोन जमातींना उधाण येतं. एक, शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारणारी; दुसरी, वर्षभर रोज एक फोटो काढणार म्हणणारी. पहिलीचे बूट संक्रांतीपर्यंत माळ्यावर जातात. दुसरीचं व्रत तेवढंही टिकत नाही, आणि ते मोडतं आळसाने नव्हे तर हौसेने. रोज काहीतरी भारी मिळालंच पाहिजे हा हट्टच नडतो. म्हणून नवव्रतींसाठी हा विधी. क्षेत्र : गिरगाव, दादर, परळ, लालबाग.

संकल्प

मनातल्या मनात सोडावा. फॅमिली ग्रुपवर सोडल्यास पहिल्या दिवशी सोळा अंगठे येतात, आठवड्याने फक्त मोठे काका उरतात आणि ते विचारतात, ‘ह्याचे पैसे मिळतात का रे?’ यावर शास्त्रात उत्तर नाही.

वसा मात्र जुना आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या जमान्यातले नाव घेण्याजोगे फोटोग्राफर. 1856 मध्ये इथल्या दोघा साहेबांनी ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाचं मासिक काढलं, दर अंकात तीन खरेखुरे फोटो. 1858 मध्ये ते बंद पडलं. महिन्याला तीन फोटोंत साहेब दमला. तुम्ही तीस म्हणताय, तेव्हा जरा बेताने.

साहित्य

एक फोन, एक मऊ फडकं, थोडी मोकळी जागा. जागेसाठी फोनमधल्या ‘शुभ सकाळ’चं विसर्जन करावं. फडकं लेन्स पुसायला. लेन्सवर वडापावचं तेल असलं की प्रत्येक दिव्याभोवती प्रभावळ येते. तिला ‘मूड’ म्हणू नये. एसी लोकलमधून दमट फलाटावर उतरताच लेन्सवर वाफ धरते. तेव्हा दोन मिनिटं थांबावं. दादरला दोन मिनिटं एका जागी थांबता आलं, तर व्रताचं अर्धं पुण्य तिथेच पदरात पडतं.

नवा कॅमेरा घेतल्याशिवाय सुरुवात करणार नाही असं ज्याला वाटतं, त्याने कॅमेरा घ्यावा आणि व्रत सोडावं. तेवढंच घरच्यांना सवयीचं.

मुहूर्त

पहाट उत्तम. दादर पश्चिमेचा फुलबाजार उजाडायच्या आत भरतो. तिथे झेंडूचा ढीग दिसताच नवव्रती फोटो काढतो आणि घरी येऊन बघतो तर नुसता केशरी डाग, त्यात एकही पाकळी नाही. भडक केशरी रंग फोनला झेपत नाही. उपाय : स्क्रीनवर ढिगाला बोट लावावं आणि उजेडाची पट्टी खाली ओढावी, इतकी की बाकीचा बाजार काळोखात गेला तरी चालेल. मग पाकळीमागची पाकळी दिसते, तागडी दिसते आणि ‘घ्यायचंय का नुसतं बघायचंय?’ असं विचारणारा चेहराही दिसतो. पाव किलो घ्यावं. हीच दक्षिणा.

वर्ज्य विषय

पुढील फोटो वर्षातून एकेकदाच काढावे.

एक, गिरणीची चिमणी आणि मागे काचेचा टॉवर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव उलटंपालटं झालं. एवढा इतिहास दाखवायला प्रत्येकाला तीच एक चिमणी लागते. चिमण्या थोड्या उरल्यात, जपून वापराव्या.

दोन, हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून छत्री सावरत जाणारा माणूस. तो दरवर्षी तोच असावा असा दाट संशय आहे.

तीन, पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ आणि बुलेट. समोर कॅमेरे इतके की बाईंना क्लच सोडायला जागा नसते.

चार, परळ-लालबागचे आगमन सोहळे. मूर्तीचा फोटो काढायला हात वर करावा, तर आपल्या फोटोत येतात ते पुढच्यांचे फोन, आणि त्या फोनांत आलेली मूर्ती.

पाच, दादरचा कबुतरखाना. ऑगस्ट 2025 मध्ये पालिकेने त्यावर ताडपत्री घातली आणि हजारो छायाचित्रकार एका दिवसात पोरके झाले.

मिरचीच्या मोसमात लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत जायला हरकत नाही. बेडगी डंकाखाली पडली की फोटो हलतो. तो दोष कॅमेऱ्याचा नव्हे, ठसक्याचा.

विघ्ने

सर्वांत मोठं विघ्न चाळीत येतं. गिरगावात लाकडी जिन्याचा फोटो काढायला फोन वर करा, पाठोपाठ कठड्यावरून आवाज येतो.

‘काय हो, सर्व्हे का?’

‘नाही काकू, छंद आहे.’

यावर कोणीही विश्वास ठेवत नाही. पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्या चाळीत उगाच फोटो काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय. अर्ध्या मिनिटात मजला गोळा होतो. एक आजोबा भाडेपावत्यांची पिशवी घेऊन येतात. एक वहिनी आत बोलावतात, ‘ह्या बाजूनेही घ्या, आणि पोटमाळा धरा हं. मागच्या माणसाने धरलाच नव्हता.’ इथे खुलासा करत बसू नये. ‘प्रोजेक्ट आहे’ एवढंच म्हणावं. प्रोजेक्ट म्हटलं की कॉलेज आलं आणि कॉलेज आलं की चहा येतो. वय पन्नास असलं तरी चालतं.

खंड पडल्यास

रात्री बाराला पाच कमी असताना पंख्याचा फोटो काढण्याची प्रथा आहे. तो ग्राह्य, पण महिन्यातून एकदाच. पंख्याला महिन्याने काही नवं सुचत नाही. कालचा फोटो आजचा म्हणून खपवू नये, फाइल स्वतःच तारीख सांगते. दिवस बुडाला तर बुडाला. दुसऱ्या दिवशी दोन काढून हिशेब जुळवायला ही पतपेढी नव्हे.

नित्यविधी

आता मुख्य मंत्र : जाण्यायेण्याच्या वाटेवरची एक कंटाळवाणी जागा धरावी आणि तीच धरून बसावं. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते एका चकरेत नव्हेत. ते वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे जात राहिले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्हाला मिळेलच असं नाही, पण रोज नवा विषय शोधायची कटकट टळेल.

शिवाय इथे कंटाळवाणंच आधी नाहीसं होतं. एलफिन्स्टन रोडच्या पाटीचा फोटो कोण काढणार होतं? 2018 मध्ये ते स्टेशन प्रभादेवी झालं. दादरला मध्य रेल्वेचा एक नंबर फलाट 9 डिसेंबर 2023 ला आठ नंबर झाला. त्या जुन्या एकाखाली लाखो लोक रोज उभे होते, सगळे गाडीकडे बघत. त्याच वर्षी सप्टेंबरात बेस्टच्या जुन्या डबलडेकरची शेवटची फेरी झाली आणि ऑक्टोबरअखेर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली. शेवटच्या दिवशी हार, फुगे आणि कॅमेऱ्यांची झुंबड होती. त्याआधीच्या मंगळवारी, कुणालाच काही वाटत नसताना, ती बस कशी दिसायची, तो फोटो दुर्मीळ.

उद्यापन आणि फलश्रुती

वर्षअखेर प्रदर्शन भरवू नये. ज्यांचे फोटो काढले त्यांना छापील प्रती द्याव्यात. वहिनींना पोटमाळ्याच्या दोन. एक फायलीला लागते.

या व्रताने लाइक वाढत नाहीत, बक्षीस मिळत नाही. मिळतं ते एवढंच : काही वर्षांनी एखाद्या लग्नाच्या पंगतीत, गल्लीच्या तोंडाशी आधी इस्त्रीवाला होता की सायकलवाला, यावर दोन मावसभाऊ हातघाईवर येतील, तेव्हा तुम्ही खिशातून तारखेसकट फोटो काढाल. जो हरेल तो फोटो नीट न्याहाळेल आणि म्हणेल, ‘हे एआयने केलंय.’ म्हणून मूळ फाइल पुसू नये.