तुलनात्मक तक्ता

आमच्या आळीत आप्पांच्या दारापुढे जमिनीत एक खड्डा आहे. वर सिमेंटचं झाकण, झाकणाला मधोमध भोक आणि भोकातून डोकावणारा पाइप. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की तांब्यात उरलेलं पाणी आप्पा त्या पाइपात ओततात. नवख्या माणसाला वाटतं, कसलं तरी व्रत असावं. ते अर्थिंग आहे. इलेक्ट्रिक गाडीसाठी केलेलं. गाडी अजून आलेली नाही.

आप्पा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. पेण ते अलिबाग एसटीनं जाऊन-येऊन तेहेतीस वर्षं नोकरी केली, आणि त्या तेहेतीस वर्षांत त्यांनी मुख्यतः तुलनात्मक तक्ते केले. शाळेचे बाक घ्यायचे असोत की कार्यालयाची कपाटं, तीन दरपत्रकं मागवायची, आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा आणि कागद वर सादर करायचा. खरेदीचा निर्णय त्यांचा नसे, तो वरच्यांचा. निवृत्तीनंतर पंचाईत एवढीच झाली की तक्ते चालू राहिले, पण वर कोणी उरलं नाही.

काकूंकडे कागद सादर करून पाहिला. काकू म्हणाल्या, "तुम्हाला आवडेल ती घ्या."

"याला आदेश म्हणत नाहीत," आप्पा मला म्हणाले. "सही कुठाय?"

गाडीची नस्ती उघडली २०२०च्या जानेवारीत. टाटांची नेक्सॉन ईव्ही तेव्हा बाजारात आली, १३ लाख ९९ हजारांपासून. बॅटरी ३०.२ युनिटांची, कागदावर ३१२ किलोमीटर जाणारी. आप्पांचा प्रवास म्हणाल तर महिन्यातून दोनदा रोह्याला, साडूकडे. चाळीसेक किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. पण ३१२ वाचून आप्पांनी पहिला प्रश्न काढला, "गोव्याला जायचं झालं तर?" आप्पा आजवर महाडच्या पुढे गेलेले नाहीत.

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं. पत्रे उडाले, खांब आडवे झाले, वीज गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. काकू मेणबत्तीच्या उजेडात म्हणाल्या, "घेतली असतीत तर आता ढकलत नेली असतीत." नस्ती बंद झाली.

ती पुन्हा उघडली तेव्हा बॅटरी ४०.५ युनिटांची झाली होती. आप्पांनी नवा तक्ता आखला. तो शाईनं पक्का करेपर्यंत गाडीचं तोंड बदललं. २०२४ साली बॅटरी ४५ची झाली आणि पल्ला गेला ४८९ किलोमीटरवर. दुसरा कोणी वैतागला असता. आप्पा मात्र फुलून आले. थांबल्यामुळे केवढा फायदा झाला, हे ते मला बोटांवर मोजून दाखवत: न घेता पंधरा युनिटं वाढली!

खरी रंगत आली ती १७ जानेवारी २०२४ला पंच ईव्ही आल्यावर. १० लाख ९९ हजारांपासून सुरू, मोठ्या बॅटरीला ४२१ किलोमीटरचा पल्ला. तोवर एकटी नेक्सॉनच होती, आणि एकाच दरपत्रकावर तुलना कशी करायची? आता दोन झाली. नियमाला तीन लागतात म्हणून महिंद्राची एक्सयूव्ही ४०० तिसऱ्या रकान्यात घातली. सरकारी तक्त्यात तिसरं दरपत्रक ज्या मानानं असतं त्याच मानानं ती तिथे होती; तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. आप्पा नेक्सॉनला 'थोरली पाती' म्हणत आणि पंचला 'धाकटी पाती'. देवासला पवारांच्या दोन गाद्या होत्या, तशा. घराणं एक, गाद्या दोन, आणि आप्पा मध्ये दिवाण.

तक्ता मी पाहिलेला आहे. लेजरच्या दुहेरी पानावर, हिरव्या शाईत. पण भरता भरता तो आप्पांच्या मनाविरुद्ध जायला लागला. थोरली महाग, म्हणजे ती सरस निघायला हवी. डिकी मोजली तर थोरलीची ३५० लिटर, धाकटीची ३६६. जून महिन्यात भारत एनकॅपच्या धडक चाचणीचे गुण आले. दोघींना पाच तारे, पण मोठ्या माणसांच्या सुरक्षेत थोरलीला ३२ पैकी २९.८६ आणि धाकटीला ३१.४६. रुंदीला धाकटी ६९ मिलिमीटरनं कमी. आमच्या आळीत ६९ मिलिमीटर म्हणजे शेजाऱ्याशी बोलणं चालू राहणं आणि बंद होणं यांतलं अंतर आहे.

म्हणजे स्वस्तही तीच, सोयीचीही तीच, गुणही तिलाच जास्त. सामान्य माणसानं पेढे आणले असते. आप्पांमधला लेखापरीक्षक जागा झाला. चष्मा कपाळावर नेऊन ते हळूच म्हणाले, "सगळ्यात कमी दर आणि सगळ्यात चांगला माल? यात गोम आहे."

ती गोम शोधण्यात सहा महिने गेले.

डिकीचा रकाना तर दोन पानं चालला, कारण त्यात गणपती होता. साडूंच्या घरचा गणपती दरवर्षी पेणहूनच जातो. कारखान्यातून मूर्ती उचलायची, वॅगन-आरमध्ये ठेवायची आणि वडखळ, नागोठणे, भिसे खिंड करत रोह्याला पोचवायची, ही आप्पांची वीस वर्षांची सेवा. तेव्हा डिकीत दीड फुटी मूर्ती, पाट आणि वर प्रभावळ मावते का, हे बघायलाच हवं. आप्पा कारखान्यातून न रंगवलेली एक मूर्ती मागून घेऊन शोरूममध्ये गेले. तिथला मुलगा गडबडून पाया पडला. दोन्ही डिक्यांत मूर्ती ठेवून झाली, सुतळीनं मापं झाली, सोंडेपासून काचेपर्यंतचं अंतर वहीत चढलं. घरी येऊन आप्पांनी निष्कर्ष वाचून दाखवला. काकू निवडत असलेले पोहे बाजूला ठेवून म्हणाल्या, "देवाला डिकीत घालून नेणार आहात? आजवर माझ्या मांडीवर गेलाय तो."

आप्पांनी त्या दोन पानांवर तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि खाली तारीख घातली.

चाचणी-फेऱ्या किती झाल्या, ते त्या शोरूमलाच ठाऊक. पहिल्या फेरीला आलेला मुलगा लग्न करून बदलापूरला गेला, दुसरा विम्यात शिरला. तिसऱ्याला आप्पाच बॅटरीची माहिती सांगतात. ब्रेक न मारता पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते आणि त्या जोरावर थोडी वीज बॅटरीत परत जाते, हे कळल्यापासून आप्पांनी एसटीत बसूनसुद्धा उतार मोजले. एके रात्री दहाला माझ्याकडे आले. डोळ्यांत चमक होती. "अरे, भिसे खिंडीत जाताना उतार आहे आणि येतानाही उतार आहे! म्हणजे दोन्ही वेळा भरणार!"

खिंडीला चढही दोन्ही बाजूंनी असतो, हे त्यांना मी सांगितलं नाही. शेजारधर्म म्हणून काही असतं.

बॅटरीची हमी तेव्हा आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर होती. आप्पांनी ताबडतोब भागाकार केला. महिन्याला १६० किलोमीटर, म्हणजे एक हजार महिने. म्हणजे त्र्याऐंशी वर्षं चार महिने. आप्पा तेव्हा सहासष्टचे. "किलोमीटर संपतील तेव्हा मी एकशे एकोणपन्नास," ते म्हणाले, आणि अगदी गंभीरपणे वहीत लिहिलं: 'किलोमीटरची अट गैरलागू.'

एवढं सगळं होऊन गाडी का येत नाही? याला आप्पांकडे बिनतोड उत्तर आहे. रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. चौऱ्याऐंशी किलोमीटरचं काम. वडखळला पूल झाला, कुठे काँक्रीट पडलं, कुठे वळण आणि कुठे वळणाचं वळण. "रस्ता पुरा होऊ दे," आप्पा म्हणत, "नव्या गाडीचं बूड का आपटून घ्यायचं?" या महामार्गानं कोकणी माणसाचं किती नुकसान केलं ते सगळे सांगतात, आप्पांना मात्र त्यानं मोठा आधार दिला. बाजारात म्हावरं घेऊन बसणारी मावशी विचारायची, "आप्पा, गारी आली का नाय?" आप्पा नुसते महामार्गाच्या दिशेनं हात करत. मावशीला पटे.

तयारीत मात्र त्यांनी कसूर ठेवली नाही. गाडीबरोबर मिळणारा घरगुती चार्जर अर्थिंग नीट नसेल तर लाल दिवा दाखवून गप्प बसतो, हे वाचल्यावर त्यांनी वायरमनला बोलावलं. वायरमन म्हणाला, "आप्पा, तुमच्या घराला अर्थिंगच नाहीये. पंख्याचा झटका बसत नाही ही देवाची कृपा." मग खड्डा खणला. तांब्याची पट्टी, थर कोळशाचा, थर मिठाचा. मीठ इथल्याच मिठागरातलं, जाडं. पंधरा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, त्याला पत्र्याचं छप्पर, शेजारी युनिटं मोजणारं छोटं मीटर. मग रोज तांब्याभर पाणी, कारण खड्डा सुकला तर अर्थिंग जातं. दीड वर्षं त्या पॉइंटवर काकूंनी एकदा कुरडयांच्या वेळी मिक्सर लावला, बस्स.

आणि मग २०२५च्या गणपतीला साडूंचा फोन आला, "यंदा मूर्ती न्यायला मीच येतो."

साडू धाटावच्या एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले. बोलणं कमी, हसणं जास्त. ते आले ते पंच ईव्हीतून. हिरवी पाटी, त्यावर पांढऱ्या अक्षरात एमएच ०६, म्हणजे नोंदणी आमच्याच पेणच्या आरटीओतली. आप्पा ओट्यावरून उतरलेच नाहीत. उभ्या उभ्या गाडीकडे बघत राहिले.

"कधी घेतलीत, साडूभाऊ?"

"झाला महिना. पनवेलला डोळे तपासायला गेलो होतो. वाटेत शोरूम दिसलं."

"आणि नेक्सॉन? बघितलीत ना?"

"ती नव्हती त्या दिवशी तिथे." साडू हसले. "मुलगा म्हणतो अटल सेतूला आता टोल नाही विजेच्या गाडीला. म्हटलं बरं झालं."

आप्पांनी थंड आवाजात विचारलं, "रोह्याहून निघताना बॅटरी किती टक्के होती?"

"बघितलं नाही बुवा."

मी आप्पांना सासरे गेले तेव्हा पाहिलं आहे. त्या दिवशीचा चेहरा त्याहून उतरला होता. पण साडू पुढे म्हणाले, "जरा लावता येईल का इथे कुठे? आता थोडी कमी दिसतेय." आणि आप्पा जिवंत झाले. पत्र्याचं छप्पर वर केलं, धोतराच्या सोग्यानं पॉइंट पुसला, सरपटत जाऊन मीटरचा आकडा टिपला. चार्जर लागला. आळीतली पोरं, काकू, साडू, मी, सगळे बघत होतो. हिरवा दिवा.

आप्पांनी खड्ड्याकडे पाहिलं. कोणी बघत नाही असं समजून तांब्याभर पाणी आणखी ओतलं.

दोन तास ते स्टुलावर बसून होते. दर पंधरा मिनिटांनी युनिटं आणि टक्के, दोन रकाने. चहा तिथेच घेतला. निघायची वेळ झाली. काकू पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर रुमालानं झाकलेला गणपती. आप्पा मागे, मांडीवर लेजर. डिकीत नुसती प्रभावळ आणि मोदकांचं पातेलं.

रात्री रोह्याहून त्यांनी मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. हिरव्या शाईत, सुवाच्य: 'धाकटी पाती. रोहा-पेण-रोहा प्रत्यक्ष धाव. निघतेवेळची टक्केवारी उपलब्ध नाही. खिंडीतील उतारावरील भरणा मोजता आला नाही, कारण चालक बोलत होते. सबब फेरसादर.'