उभ्या-उभ्या

अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या मराठी घरांनी पाटा सोडला, वरवंटा सोडला, पुष्कळांनी पोळ्याही विकतच्या आणायला सुरुवात केली. पण ‘बसा’ हा शब्द काही सोडला नाही. पाहुण्याने गराजमध्ये चपला काढल्या रे काढल्या की आतून हाक येते, “या, या, बसा ना!” पाहुणा उभाच राहिला तर यजमानीणबाईंना वाटतं, आपलं काही चुकलं की काय. जिला बसायलाच बंदी आहे अशा बाईने या गावात जानेवारी महिना कसा काढायचा?

आमच्या वहिनींनी तो काढला. वहिनी म्हणजे कुणी एक बाई नव्हे. फोर हंड्रेड हायवेच्या दोन्ही अंगांना ज्या सबडिव्हिजन पसरल्या आहेत, त्यातल्या प्रत्येकीत एक तरी वहिनी असतेच. वय पंचेचाळिसाच्या पुढे, नोकरी प्रोजेक्ट मॅनेजरची, धाकटा मुलगा जॉर्जिया टेकमध्ये. त्याची बरीचशी फी लॉटरीच्या पैशांवर चालणारी राज्याची होप स्कॉलरशिप भरते, आणि जे पैसे वाचतात त्यात वहिनींना स्वतःबद्दल आशा वाटू लागते. वीस वर्षं त्या बिग क्रीक ग्रीनवेवर चालल्या. कीटो केलं, दोन वेळाच जेवून पाहिलं, मेथीचं पाणी प्यायल्या. पोट होतं तिथेच. मग एक दिवस त्या म्हणाल्या, “मी एक छोटंसं प्रोसीजर करून घेतेय.”

‘ऑपरेशन’ हा शब्द वहिनी कधी उच्चारत नाहीत. ऑपरेशन गावाकडे काकांचं होतं. इथे प्रोसीजर असतं, आणि ते नेहमी छोटंसंच असतं.

पण छोट्याशा गोष्टीसाठी त्यांचा अभ्यास एखाद्या कीर्तनकाराला लाजवील असा. चरबी एका जागची काढून दुसरीकडे भरण्याचा पहिला प्रयोग १८९३ साली जर्मनीत नॉयबर नावाच्या सर्जनने केला, हे त्यांनी मला भाजी निवडता निवडता सांगितलं. १९७७च्या सुमारास पॅरिसच्या इलूझने बोथट नळीने चरबी ओढायची रीत काढली, आणि १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या क्लाइनने आधी मिठाच्या पाण्यात भुलीचं औषध आणि अॅड्रेनलिन घालून जागा फुगवून घ्यायला शिकवलं, म्हणून आता रक्त कमी जातं. “आणि मागच्या बाजूला भरताना सुई स्नायूत गेली तर जिवावर बेतू शकतं बरं का,” हे मात्र त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. २०१७च्या एका पाहणीत अशा तीन हजार शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू निघाला होता. पुढे फ्लोरिडाने एका सर्जनला दिवसाला तीनच करण्याची मर्यादा घातली. त्यामुळे स्वस्तातली मायामी वगळून वहिनींनी अटलांटातच, अल्ट्रासाउंड लावून त्वचेखालीच चरबी भरणारा महागडा डॉक्टर शोधला. इथे मी त्यांची चेष्टा करणार नाही. नवऱ्यासाठी गाडी घेतानाही त्या इतक्याच चौकस होत्या.

पहिल्या दिवशी सोबत एक जबाबदार प्रौढ व्यक्ती हवी, असा नियम होता. भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, घरी वहिनींच्या सासूबाईंना सांभाळत होते. सासूबाईंना ‘पाठीचं प्रोसीजर’ एवढंच सांगितलेलं. म्हणून जबाबदार व्यक्ती म्हणून माझी नेमणूक झाली, आयुष्यात पहिल्यांदाच. मिनीव्हॅनच्या मागच्या सीटा पाडून त्यावर रजई घातली, आणि वहिनी पालथ्या पडून फोर हंड्रेडवरून घरी आल्या. ट्रॅफिकमध्ये शेजारच्या गाडीतलं लहान मूल त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. वहिनींनी भुलीच्या तारेत त्याला टाटा केला.

पहिले दोन-तीन दिवस अंगात भरलेलं ते औषधी पाणी टाक्यांतून गळत राहतं, लालसर, पावसाळ्यातल्या कौलारू घरासारखं. त्यासाठी वहिनींनी कुत्र्याच्या पिल्लांखाली घालायचे शोषक पॅड गठ्ठ्याने आणून ठेवले होते. शेजारच्या गुजराती बेननी गठ्ठा पाहिला आणि पिल्लाला खेळणं म्हणून रबरी हाड आणून दिलं. ते अजून वहिनींच्या फायरप्लेसवर आहे.

बसायला पहिले दोन आठवडे पूर्ण बंदी. पुढे काही आठवडे बसायचं ते खास उशी मांडीखाली घेऊन, म्हणजे नवी भरती अधांतरी राहते. झोपायचं पालथं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून घरात फेऱ्या मारायच्या. या सगळ्याची भाऊजींनी एक्सेल शीट केली: पाणी, गोळ्या, फेऱ्या, लघवी. प्रत्येक रकान्याला रंग. वेदनेच्या रकान्यात वहिनींनी दहापैकी आठ लिहिले की भाऊजी विचारत, “हे कालच्याशी तुलना करून का?”

आणि कपडा! घोट्यापासून छातीपर्यंत घट्ट, हुकांच्या तीन ओळींचा. त्याला फाहा म्हणतात आणि कोलंबियातून तो जगभर जातो. तो चढवायला दोन माणसं लागतात. पोत्यात गहू भरताना पोतं धरणारा आणि ठोकणारा वेगळा असतो ना, तसं. दोन-तीन दिवसांनी मसाजवाली यायची. हा जोर लावून रगडायचा मसाज नव्हे. साचलेलं पाणी हलक्या हाताने वाटेला लावायचं.

सासूबाई साताऱ्याच्या. सहा महिन्यांसाठी आलेल्या, थंडीने कंटाळलेल्या, आणि डोळ्यांनी घारीसारख्या. पाचव्या दिवशी त्यांनी लाँड्रीरूममध्ये वाळत टाकलेला फाहा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि सरळ सुनेच्या खोलीत आल्या.

“अगं, हा तर पोटपट्टा. मालिशवाली येते. वारा लागू देत नाहीस. रोज निजून असतेस. पाळणा कुठाय?”

वहिनींनी उशीत तोंड खुपसलं आणि सगळं सांगून टाकलं. मी दारात उभी होते. पळता आलं नाही.

“काढलं कुठून?”

“पोट आणि कंबर, आई.”

“अन् टाकलं कुठं?”

वहिनींनी न बोलता मागे हात केला.

सासूबाईंनी थोडा विचार केला. “म्हणजे पुढच्या खोलीतला पसारा मागच्या खोलीत. बाहेर काहीच गेलं नाही. आणि याचे त्याने डॉलर घेतले?”

“सगळं टिकत नाही हो आई. नव्या जागी रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या तरच पेशी जगतात. साधारण निम्म्या किंवा थोड्या जास्त. बाकीच्या शरीर शोषून घेतं. तीन-चार महिन्यांत कळतं.”

“तीन-चार महिने?” भाऊजी मागून म्हणाले. त्यांच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाला अकरा वर्षं झाली आहेत.

त्या दिवसापासून घराचा ताबा सासूबाईंकडे गेला. भाऊजींची एक्सेल शीट बंद पडली. शेपू, बाळंतशोपा, आळीव, सकाळी वाटीभर पेज. नातवाच्या वेळी व्हिसा मिळाला नाही म्हणून राहून गेलेलं सुनेचं बाळंतपण त्या आता वसूल करत होत्या. दुसऱ्या आठवड्यात वहिनींचं मन पार खचलं. सूज उतरेना, वजन कमी व्हायच्या ऐवजी चढलेलं, पोट बधिर, आरशात सगळं गाठीगाठींचं. मी हे का केलं, म्हणून रडायच्या. डॉक्टरांच्या कागदावर हे होणार असं लिहिलेलं होतं, पण कागद पाठीवरून हात फिरवत नाही. सासूबाई म्हणाल्या, “दहाव्या-बाराव्या दिवशी असं होतंच. मी तर माहेरी पळाले होते.”

भांडण झालं ते फक्त डिंकाच्या लाडवांवरून. तूप सुटलेला डबा पाहून वहिनी कळवळून म्हणाल्या, “आई, वजन वाढलं तर त्या हलवलेल्या पेशीही फुगतात!”

“फुगू देत. तिथंच हव्यात ना?”

यावर अजून कुणाकडे उत्तर नाही.

आणि ऐन याच दिवसांत संक्रांतीची हळदीकुंकवं. न जावं तर बभ्रा, जावं तर ‘बसा’. वहिनी सैल पैठणी नेसून गेल्या आणि उभ्याच राहिल्या. “बसा ना!” “नको, उभीच बरी.” उभ्या बाईच्या हातात आपोआप ट्रे येतो. पहिल्या घरी त्यांनी तिळगूळ वाटला, दुसऱ्या घरी कॉफी, तिसऱ्या घरी भांडी. कामसू म्हणून त्यांचं नाव जॉन्स क्रीकपर्यंत गेलं. पाठीचं दुखणं ऐकून एकीने कोथरूडचा हाडवैद्य सुचवला, एकीने जागेवरच वज्रासन करून दाखवलं.

रथसप्तमीला एका घरी मात्र यजमानीणबाई हट्टालाच पेटल्या. दंड धरून वहिनींना सोफ्याकडे ओढू लागल्या. वहिनी पांढऱ्याफटक. तेवढ्यात हळदीकुंकवाचं तबक हातात धरलेल्या सासूबाईंचा आवाज आला, शांत.

“तिला ओढू नका. तिचं व्रत आहे. न बसण्याचं.”

खोलीत एकदम अदबीची शांतता पसरली. दोघी-तिघींनी वहिनींना पुन्हा कुंकू लावलं. कुणीतरी उद्यापन कधी, असं विचारलं, सासूबाई म्हणाल्या, “सहा आठवड्यांनी.”

निघताना मी चपला शोधत होते, तर यजमानीणबाई वहिनींना पॅन्ट्रीत घेऊन गेलेल्या दिसल्या. दार पुरतं लागलं नव्हतं.

“वहिनी,” त्या कुजबुजत होत्या, “या व्रताला साधारण खर्च किती येतो हो?”